थिंकपॅड एक्स२३० वर कोअरबूट: वाद मिटवा, मगच चिप लिहा

लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ बायॉसच्या जागी कोअरबूटसारखे मुक्त फर्मवेअर (चिपमध्ये साठवलेले, यंत्र चालवणारे सॉफ्टवेअर) घालायचे, तर पेचकस हाती घेण्याआधी एका जुन्या वादात आपली बाजू ठरवावी लागते: बंदिस्त, म्हणजे स्रोत खुला नसलेला, कोड कितपत चालवून घ्यायचा? ही बाजू आधी ठरवायची, कारण कोणता लॅपटॉप घ्यायचा हे त्यावरच अवलंबून आहे. २००८ च्या थिंकपॅड एक्स२०० मधून इंटेलचे मॅनेजमेंट इंजिन (मुख्य प्रोसेसरपासून वेगळी चालणारी बंदिस्त यंत्रणा) समूळ काढता येते, मात्र आजच्या ब्राउझरपुढे तो धापा टाकतो. २०१२ च्या एक्स२३० मध्ये ते पूर्ण पुसले, तर लॅपटॉप सुमारे ३० मिनिटांत बंद पडतो. त्यामुळे त्याचा काही बंदिस्त भाग ठेवणे भागच असते.

मायक्रोकोडवरची, म्हणजे प्रोसेसरचे आतले काम ठरवणाऱ्या कोडवरची, भांडणे याहून कडवी आहेत. प्रोसेसरमध्ये कारखान्यातच कोरलेला मायक्रोकोड चालतो, पण त्याचीच दुरुस्त आवृत्ती बंदिस्त म्हणून वर्ज्य, ही काहींची भूमिका मला पटत नाही. दोन्ही सारखेच बंदिस्त आहेत आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या नव्यातच असतात. कोअरबूटवर आधारलेल्या लिब्रेबूट या प्रकल्पानेही नोव्हेंबर २०२२ मध्ये धोरण बदलून अशा बंदिस्त फायलींना मर्यादित वाव दिला. तेव्हा मायक्रोकोड ठेवावा.

आता प्रत्यक्ष काम. चार्जर आणि बॅटरी काढून कीबोर्ड व पामरेस्ट उचलले, की फर्मवेअर साठवणाऱ्या दोन फ्लॅश चिप दिसतात: पडद्याकडची ४ एमबीची, तर टचपॅडकडची ८ एमबीची. मॅनेजमेंट इंजिन आणि नेटवर्कचा मॅक पत्ता ८ एमबीच्या चिपमध्ये असतो. पहिल्या खेपेला तिला लिहिण्याच्या फंदात पडू नये.

सीएच३४१ए हा स्वस्त काळा प्रोग्रामर (चिप वाचण्या-लिहिण्याचे उपकरण) ३.३ व्होल्टच्या चिपला डेटाच्या तारांवरून ५ व्होल्ट देतो, म्हणून रास्पबेरी पाय हा छोटा संगणक वापरणे बरे. चिपच्या पायांना धरणारा चिमटा लावून फ्लॅशरॉम या प्रोग्रामने दोन्ही चिप प्रत्येकी दोनदा वाचाव्यात आणि त्या प्रतींचे चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) ताडून पाहावेत; ते जुळले नाहीत तर चिमटा नीट बसलेला नाही असे समजून पुन्हा लावावा, आणि जुळेपर्यंत काहीही लिहू नये. या प्रती दुसऱ्या संगणकावर ठेवाव्यात.

कोअरबूट बांधताना, म्हणजे त्याच्या स्रोतापासून फाइल तयार करताना, सीबीएफएसचा (कोअरबूटच्या फायली ठेवण्याच्या जागेचा) आकार ४ एमबी आणि पेलोड, म्हणजे कोअरबूटनंतर चालणारा प्रोग्राम, म्हणून सीबायॉस निवडावा. तयार होणाऱ्या १२ एमबीच्या फाइलमधले शेवटचे ४ एमबी तेवढे वेगळे काढून पडद्याकडच्या चिपमध्ये लिहावेत. मूळ बायॉस नाकारत असलेली वायफाय कार्डे यानंतर चालू लागतात. कीबोर्ड व बॅटरी सांभाळणाऱ्या कंट्रोलरचे फर्मवेअर मात्र बंदिस्तच राहते. पडदा काळाच राहिला, तर ४ एमबीच्या चिपची मूळ प्रत त्याच चिमट्याने परत लिहावी.