डेस्कटॉपमध्ये रॅम वाढवणे: खरेदीआधी काय बघायचं आणि कशी बसवायची

रॅम बसवायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. पैसे वाया जातात ते त्याआधीच, चुकीची स्टिक (रॅमची पट्टी) घेतल्यामुळे. त्यामुळे इथे निम्मी जागा खरेदीपूर्वीच्या तपासणीला दिली आहे. उदाहरण म्हणून घरात, दुकानात, क्लासमध्ये सर्रास दिसणारं मशीन घेतलं आहे: इंटेलचा आठव्या ते दहाव्या पिढीचा आय३ किंवा आय५, एच३१० किंवा एच४१० चिपसेटचा (मुख्य नियंत्रक चिपचा) मदरबोर्ड, म्हणजे पुढे ज्याला नुसतं ‘बोर्ड’ म्हटलं आहे तो, रॅमचे दोन स्लॉट आणि त्यातल्या एकातच ४ किंवा ८ जीबीची डीडीआर४ (रॅमची एक पिढी) स्टिक. जुन्या-नव्या मशीनमध्ये जे वेगळं आहे ते ओघात येईलच.

रॅमच कमी पडतेय का?

रोज जे उघडं असतं ते सगळं उघडा: ब्राउझरचे टॅब, टॅली, एक्सेल, व्हॉट्सॲप. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ‘परफॉर्मन्स’मधल्या ‘मेमरी’वर क्लिक करा. वापर सतत ८५ टक्क्यांच्या आसपास किंवा वर असेल तर रॅम कमी पडतेय. त्याच पानावर ‘कमिटेड’ नावाचा आकडा असतो, समजा ९.८/१२.३ जीबी. यातला पहिला आकडा बसवलेल्या रॅमपेक्षा मोठा असेल, तर प्रोग्रॅमनी मागितलेली मेमरी रॅममध्ये मावत नाही आणि विंडोजला डिस्कवर राखलेल्या जागेचा, म्हणजे पेज फाइलचा, आधार घ्यावा लागतो. मशीन अडखळतं ते तिथे. ‘कॅश्ड’चा आकडा मोठा असला तरी काळजी नको, ती मेमरी गरज पडताच मोकळी होते.

मेमरी निम्मीच वापरात आहे, पण डिस्क १०० टक्क्यांवर चिकटून बसली आहे, असं दिसलं तर रॅमचा विचार बाजूला ठेवा. मशीनमध्ये जुनी हार्ड डिस्क असणार, आणि तिच्या जागी एसएसडी (चिपवर चालणारी वेगवान डिस्क) टाकल्याने जो फरक पडेल तो कितीही रॅम वाढवून पडणार नाही.

सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’, मग ‘अबाउट’ उघडून विंडोज ६४-बिट आहे ना तेही बघा. ३२-बिट विंडोज १० किंवा विंडोज ७ मध्ये ४ जीबीच्या पुढची रॅम वापरलीच जात नाही, प्रत्यक्षात तर सव्वातीन-साडेतीन जीबीच हाती लागते. ३२-बिटवरून ६४-बिटवर जायचं तर विंडोज नव्याने टाकावं लागतं, म्हणजे आधी डेटाचा बॅकअप आलाच.

तुमच्या बोर्डावर काय बसतं

टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर रॅमचा वेग आणि किती स्लॉट भरलेत हे दिसतं. मात्र स्लॉटची संख्या काही मशीनवर चुकीची येते, म्हणून पैसे देण्याआधी एकदा कॅबिनेट उघडून डोळ्यांनी बघा. सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम याहून जास्त सांगतो. त्याच्या ‘मेमरी’ टॅबमध्ये डीडीआरची पिढी कळते, ‘एसपीडी’ टॅबमध्ये प्रत्येक स्टिकचा आकार, कंपनी आणि पार्ट नंबर. त्यात फ्रिक्वेन्सी १३३३ दिसली तर दचकू नका. डीडीआर म्हणजे दुहेरी वेग, म्हणून २६६६ची रॅम तिथे निम्मी दिसते.

डीडीआर३ला २४० पिना आणि १.५ व्होल्ट, डीडीआर४ला २८८ पिना आणि १.२ व्होल्ट, डीडीआर५ला २८८ पिना आणि १.१ व्होल्ट. तिन्हींची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एका पिढीची स्टिक दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये बसत नाही, आणि जोर लावून बसवायला गेलात तर स्लॉट तुटतो. एच६१ आणि एच८१ बोर्ड डीडीआर३चे, कमाल १६ जीबी. एच११० बहुतेक डीडीआर४चे, पण काही डीडीआर३चेही निघाले. एच६१०, बी६६० आणि बी७६० या चिपसेटवर तर काही बोर्ड डीडीआर४चे आणि काही डीडीआर५चे आहेत, तिथे चिपसेटच्या नावावर विसंबू नका. एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्ये एएम४ सॉकेटला (प्रोसेसर बसतो त्या जागेला) डीडीआर४ आणि एएम५ला डीडीआर५. बोर्डाचं मॉडेल बोर्डावरच ठळक छापलेलं असतं. त्याच्या मॅन्युअलमध्ये कमाल किती जीबी चालते ते वाचा.

ऑफिसातून निघालेले रिफर्बिश्ड पीसी आता खूप जण घेतात. त्यातले अगदी लहान, पुस्तकाएवढे पीसी दिसायला डेस्कटॉप असले तरी त्यांत लॅपटॉपची आखूड रॅम लागते. दुकानात हे आवर्जून सांगा.

जुन्या स्टिकचा मोबाइलवर फोटो काढा. लेबलवर ‘१आर×८ पीसी४-२६६६व्ही’ असं काही छापलेलं असेल. पीसी४ म्हणजे डीडीआर४, २६६६ हा वेग, आणि १आर×८ ही चिपची रचना. जुन्या स्टिकवर ‘पीसी३-१२८००’ असं असतं. तो आकडा मेगाबाइट प्रति सेकंदाचा आहे, त्याला ८ने भागलं की १६०० हा वेग मिळतो.

काय घ्यायचं

शक्यतो जुन्या स्टिकसारखीच, तोच आकार, तोच वेग. वेग वेगळा असला तरी दोन्ही स्टिक कमी वेगावर एकत्र चालतात. एच३१० बोर्डावर ३२००ची रॅम प्रोसेसरप्रमाणे २४०० किंवा २६६६ वरच चालेल, तेव्हा जास्त वेगासाठी जास्त पैसे मोजू नका. ३२००ची स्वस्त मिळत असेल तर मात्र खुशाल घ्या.

एक १६ जीबी घेण्यापेक्षा ८ अधिक ८ बरी, कारण दोन स्टिक असल्या की ड्युअल चॅनल चालू होतं आणि प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी बोलतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर हा फायदा सरळ डोळ्यांना दिसतो, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं. जुनी ४ जीबी आहे आणि बजेट कमी आहे? सोबत ८ घाला. इंटेलच्या बोर्डावर त्यातली ८ जीबी ड्युअल चॅनलमध्ये चालते आणि उरलेली ४ सिंगलमध्ये. २०२५च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चांगलेच चढले आहेत, अशा वेळी चालू स्थितीतली जुनी स्टिक काढून टाकण्यात शहाणपण नाही.

भाव चढले की जुन्या रॅमचा बाजारही तेजीत येतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन घेताना तीन गोष्टी पारखून घ्या. ‘ईसीसी रजिस्टर्ड’ लिहिलेली सर्व्हरची रॅम साध्या डेस्कटॉपवर चालत नाही, ती कितीही स्वस्त असो. ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून विकली जाणारी स्वस्त डीडीआर३ इंटेलच्या बोर्डावर चालत नाही, तिच्या चिपची रचनाच वेगळी असते. आणि जी४१सारख्या फार जुन्या बोर्डाला ४ जीबीची स्टिक घ्यायची तर दोन्ही बाजूंना मिळून १६ चिप असलेलीच घ्या. ८ चिपची तिथे चालत नाही. बिल घ्या, आणि स्टिकवरचं लेबल खरवडू नका. लेबल गेलं की वॉरंटी गेली.

बसवणं

१. शिफ्ट दाबून धरून ‘शट डाउन’ करा, म्हणजे विंडोज अर्धवट झोपी न जाता पूर्ण बंद होतं. भिंतीवरच्या स्विचबोर्डाचं बटण बंद करून प्लग काढा. मग कॅबिनेटचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, उरलासुरला करंट निघून जातो.

२. कॅबिनेट टेबलावर आडवं ठेवा, मदरबोर्ड वरच्या तोंडाने येईल असं. डावीकडचं झाकण मागच्या दोन स्क्रूंवर असतं. गालिच्यावर किंवा पलंगावर काम करू नका. रॅमला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या धातूला स्पर्श करा. देशावर हिवाळ्यात हवा कोरडी असते तेव्हा अंगावर स्टॅटिक साठतं, आणि तुम्हाला न जाणवणारा झटकाही चिप मारायला पुरेसा असतो.

३. धूळ मऊ ब्रशने किंवा ब्लोअरने काढा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

४. दोन स्लॉट असतील तर रिकाम्यात नवी स्टिक टाका. चार स्लॉट असतील आणि स्टिक दोन असतील, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजत दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो. तरी मॅन्युअल बघा, काही ब्रँडेड मशीनचा क्रम उलटा असतो.

५. स्लॉटच्या क्लिप उघडा. काही बोर्डांवर एकाच टोकाला क्लिप असते. दोन्ही टोकांना असतील आणि त्यातली एक ग्राफिक्स कार्डाखाली अडकत असेल तर कार्ड आधी काढा. स्टिक कडेने धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका. खाच जुळवा, दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सरळ खाली दाबा. अपेक्षेपेक्षा जास्त जोर लागतो. क्लिप आपोआप वर येऊन ‘टक्’ आवाज झाला पाहिजे. क्लिप हाताने ओढून बंद करावी लागली, तर स्टिक पूर्ण बसलेली नाही.

डिस्प्ले आला नाही तर

पहिल्यांदा चालू करताना मशीन एक-दोनदा आपणच बंद-चालू होऊ शकतं. डीडीआर५मध्ये तर काही मिनिटं स्क्रीन काळी राहते, कारण बोर्ड नव्या रॅमशी जुळवून घेत असतो. तेवढं थांबा, मध्येच प्लग काढू नका.

त्यानंतरही डिस्प्ले नसेल, लांब लांब बीप येत असतील किंवा बोर्डावरचा ‘डीरॅम’ दिवा पेटून राहिला असेल, तर प्लग काढून स्टिक पुन्हा बसवा. बहुतेक वेळा दोष एवढाच असतो. तरीही नाही, तर एकेक करून तपासा: जुनी एकटी, मग नवी एकटी त्याच स्लॉटमध्ये, मग नवी दुसऱ्या स्लॉटमध्ये. दोष स्टिकमध्ये की स्लॉटमध्ये हे एवढ्यात कळतं. दोन्ही एकेकट्या चालतात आणि एकत्र चालत नाहीत, तर त्यांचं आपसात जमत नाही. बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून पाहा, नाहीतर दुकानातून बदलून घ्या.

कोकणात आणि मुंबईत दमट हवेमुळे जुन्या स्टिकच्या पट्ट्यांवर थर चढतो. मऊ पांढऱ्या खोडरबरने त्या हलक्या हाताने पुसा, कण झटका, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा. सँडपेपर कधीच नको, सोन्याचा मुलामा निघून जातो. शेवटचा उपाय म्हणून बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेवा, बायोसची सेटिंग मूळ स्थितीत येतात.

चालू झाल्यावर

१६ जीबी बसवूनही वापरण्याजोगी ८च दिसली, तर आधी स्टिक नीट बसली आहे का ते पाहा. मग ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’मध्ये ‘बूट’, त्यात ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडून ‘मॅक्सिमम मेमरी’ची खूण काढा. १५.८ किंवा १५.९ दिसणं मात्र ठीक आहे, उरलेली ग्राफिक्सने घेतलेली असते.

डीडीआर५च्या मशीनमध्ये चारही स्लॉट भरण्याचा मोह टाळा. रायझन ७०००वर चार स्टिक बसवल्या की अधिकृत वेग ३६००वर उतरतो, दोन स्टिकवर तो ५२०० असतो.

त्याच रात्री चाचणी लावा. विंडोजची ‘मेमरी डायग्नोस्टिक’ ठीक आहे, पण पेनड्राइव्हवरून चालणारं मेमटेस्ट८६ जास्त खात्रीचं. त्याच्या मोफत आवृत्तीत चार फेऱ्या होतात, १६ जीबीला काही तास लागतात. एकही लाल ओळ आली तर स्टिक परत करा. एवढ्या एका चुकीनेही पुढे टॅलीचा डेटा बिघडू शकतो, आणि परत करण्याची मुदत ऑनलाइन खरेदीत बहुधा थोड्या दिवसांचीच असते.