सिग्नलवर थांबलं की एसी गरम हवा देतो: माझा अनुभव

नागपुरात वर्धा रोडवर गाडी पळती असली की एसी मस्त गार. व्हरायटी चौकात सिग्नल लागला की थोड्याच वेळात कोमट हवा. गाडी हलली की परत गार. मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, अक्षरशः जीव नकोसा झाला होता.

गॅस भरला, केबिन फिल्टर बदलला, फरक नाही. एका गॅरेजमध्ये कॉम्प्रेसर बदला म्हणाले. पण कॉम्प्रेसर कमजोर असता, तर उभ्या गाडीत रेस वाढवल्यावर थोडा तरी गारवा वाढला असता. तसं होत नव्हतं, म्हणून मला संशय कंडेन्सरवरच्या (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या, गाडीच्या पुढच्या जाळीवरच्या) हवेच्या प्रवाहाचा होता.

इंजिन चालू, एसी फुल ठेवून बॉनेट उघडलं. कंडेन्सरचा पंखा बंद! (हात लांब ठेवा, तो कधीही सुरू होतो.) इंजिन बंद करून चावी काढली. फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा नकाशा बघून पंख्याचा फ्यूज तपासला, शाबूत होता. मग पंख्याचा रिले (वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच) काढून तिथे हॉर्नचा लावला. दोन्हींवर छापलेला नंबर एकच होता. वेगळा असेल तर हे करू नका. एसी लावताच पंखा फिरला. जुन्या रिलेची एक पिन जळून काळी पडली होती. त्याच नंबरचा नवा रिले बसवला, हॉर्नचा परत जागेवर.

इंजिन थंड झाल्यावर कंडेन्सरही साध्या पाइपच्या हलक्या धारेने धुतला. धूळ, मेलेले किडे, सावरीच्या कापसाचे पुंजके निघाले. प्रेशर वॉशर वापरू नका, त्याने फिन्स (जाळीच्या पातळ पट्ट्या) वाकतात.

रिले बदलूनही पंखा फिरला नाही, तर मोटर आणि वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.