कुठल्याही बारवर वळता येईल असं गेमचं संगीत

गेममध्ये प्रसंग कधी पालटेल हे संगीतकाराच्या हातात नसतं. खेळाडू त्याच खोलीत दहा सेकंद रेंगाळेल किंवा दहा मिनिटं. म्हणून प्रत्येक बारच्या (ठरावीक मात्रांच्या एका आवर्तनाच्या) शेवटी बाहेर पडता येईल, अशीच रचना करायची.

आधी लय पक्की करा. १२० बीपीएम (मिनिटाला १२० मात्रा) आणि चार मात्रांचा बार घेतला, की एक बार बरोबर २ सेकंदांचा, म्हणजे ४८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला ध्वनीचे ४८,००० नमुने, म्हणजेच सॅम्पल) ९६,००० सॅम्पलचा होतो. आठ बारांचा लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) ७,६८,००० सॅम्पलचा. एक्सपोर्ट झालेली फाइल या आकड्याशी ताडून पाहा. लूपसाठी एमपी३ नको, कारण त्याचा एन्कोडर सुरुवातीला आणि शेवटी शांतता चिकटवतो आणि जोडावर लय अडखळते. वेव्ह किंवा ऑग वापरा.

लूप सलग दोनदा वाजवून रेंडर करा (त्याची ध्वनिफाइल बनवा) आणि दुसरी फेरी कापून घ्या. पहिल्या फेरीचा रेव्हर्ब (मागे रेंगाळणारा घुमारा) दुसरीच्या सुरुवातीला मिसळलेला असतो, त्यामुळे सांधा कळत नाही. पहिली फेरीही जपून ठेवा, संगीत सुरू होताना तीच एकदा वाजवायची.

आता थर. पॅड (सलग रेंगाळणारे मऊ सूर), बास, तालवाद्यं आणि ब्रास (पितळी वाद्यं) यांच्या सारख्याच लांबीच्या चार फाइली करा. त्या एकाच क्षणी सुरू करा आणि पुढे फक्त आवाज कमीजास्त करा. नंतर सुरू केलेला थर तालात बसेलच असं नाही. एक्सपोर्ट करताना मास्टरवरचा लिमिटर (आवाजाची शिखरं दाबणारं साधन) बंद ठेवा. तो एकत्रित आवाजावर काम करतो, त्यामुळे सुटे थर पुन्हा जुळवले की मिक्स वेगळाच निघतो. सगळे थर मिळून कमाल पातळी −६ डेसिबलपर्यंत ठेवावी.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो उंबरठ्यावर, म्हणजे थर ज्या आकड्यावर चालू-बंद होतो तिथे. गेम मोजत असलेलं धोक्याचं मूल्य ० ते १०० मानून ५० वर लढाईचा थर लावला, तर मूल्य ४९ आणि ५१ मध्ये हेलकावे घेतं आणि ढोल चालू-बंद होत राहतात. थर ६० ला चढवा. मूल्य ४० च्या खाली जाऊन ५ सेकंद तिथेच राहिलं, तरच उतरवा. चढताना अर्धा सेकंद पुरे, उतरताना ३-४ सेकंद द्या. धोका तत्काळ जाणवायला हवा, सुटका मात्र सावकाश.

पूर्ण तुकडाच बदलायचा असेल तर पुढच्या समेवर बदला. वाइज आणि एफमॉड ही गेममधला आवाज हाताळणारी सॉफ्टवेअर आहेत. वाइजमध्ये ट्रान्झिशनसाठी (तुकडा बदलण्यासाठी) 'नेक्स्ट बार' निवडा, एफमॉडमध्ये ट्रान्झिशन रीजनचं क्वांटायझेशन (बदल किती अंतरावर होऊ शकतो ते) एक बार ठेवा. मग जास्तीत जास्त २ सेकंद थांबावं लागतं. लूप संपण्याची वाट पाहिली तर १६ सेकंदही जातील, तोवर शत्रू मेलेला असतो. ते २ सेकंद भरायला छोटा स्टिंगर (एकदाच वाजणारा लहानसा तुकडा) लावा, पण झांज किंवा ढोलाचा; त्या क्षणी कोणता कॉर्ड (एकत्र वाजणारा सुरांचा गट) चालू असेल ते माहीत नसतं, म्हणून सुराचा स्टिंगर बेसूर लागू शकतो. दोन्ही तुकड्यांचा षड्ज एकच ठेवा आणि चार-चार बार लांबणारी सुरावट टाळा, ती हमखास मधेच तुटते.

चाचणी गेममध्येच घ्या: लढाईत शिरा, लगेच पळा, तिसऱ्या मात्रेवर पुन्हा शिरा. मग एकाच जागी पंधरा मिनिटं उभं राहून लूप ऐका. एखादा ठळक सूर दर सोळा सेकंदांनी खुपायला लागला, तर तो काढून टाका किंवा त्या बारचे तीन-चार पर्याय करून आलटून-पालटून वाजवा.