नवजात बाळातील आनुवंशिक आजार : पहिल्या ७२ तासांत परिचारिकेने काय पाहावे, काय करावे

चयापचयाचे आनुवंशिक आजार असलेली बरीच बाळे जन्मतः सुदृढ दिसतात. पोटात असताना बाळाच्या रक्तातील घातक द्रव्यांचा निचरा आईच्या वारेतून होत असतो. नाळ कापली जाऊन दूध सुरू झाले की ती द्रव्ये साचू लागतात. त्यामुळे त्रास दिसू लागतो तो बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि तेव्हा बाळाकडे सर्वांत जास्त वेळा पाहणारी व्यक्ती वॉर्डातील परिचारिका असते.

हे आजार वेळीच ओळखण्याच्या तपासणीसाठी टाचेतून रक्ताचा नमुना घेण्याची योग्य वेळ जन्मानंतर ४८ ते ७२ तासांची आहे. बाळंतीण त्याआधीच घरी जात असेल, तर निघण्यापूर्वी नमुना घ्यावा आणि तो पुन्हा घ्यावा लागेल, हे कागदावर लिहून द्यावे, कारण पहिल्या २४ तासांत थायरॉइडशी संबंधित टीएसएच हे संप्रेरक स्वाभाविकच वाढलेले असते. बाळाला रक्त चढवायचे असल्यास नमुना त्याच्या आधीच घ्यावा.

कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने टाच तीन ते पाच मिनिटे शेकावी, स्पिरिट लावून ते पूर्ण वाळू द्यावे आणि टाचेच्या तळव्याकडील बाहेरच्या किंवा आतल्या कडेला लॅन्सेट टोचावे. मागच्या गोलाईवर कधीही टोचू नये, कारण तेथे हाड त्वचेच्या अगदी जवळ असते. पहिला थेंब कोरड्या गॉजने पुसून दुसरा मोठा थेंब नमुन्याच्या कार्डावरील शोषक कागदाला एकाच बाजूने असा टेकवावा, की त्यावर छापलेले वर्तुळ मागच्या बाजूनेही भरलेले दिसेल. एकाच वर्तुळावर दुसरा थेंब ठेवू नये आणि टाच पिळू नये, कारण पिळल्याने ऊतींतील द्रव मिसळून नमुना निकामी होतो. कार्ड आडवे ठेवून उन्हापासून दूर किमान तीन तास वाळवावे.

मात्र अहवालाची वाट पाहण्याइतका वेळ प्रत्येक बाळाकडे नसतो. काल अंगावर छान ओढणारे बाळ आज दूध सोडते, मलूल पडते, वारंवार उलटी करते किंवा धाप लागल्यासारखा श्वास घेते, तेव्हा आपण सहसा जंतुसंसर्गाचा विचार करतो आणि तो करायलाच हवा. पण त्याच वेळी साखर, रक्तातील आम्ल आणि अमोनिया तपासण्याबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारावे. अमोनियासाठी रक्त मोकळे वाहते असावे, नळी बर्फात ठेवावी आणि ती लगेच प्रयोगशाळेत पोहोचवावी, नाहीतर आकडा खोटा वाढलेला येतो. दूध थांबवून ग्लुकोजचे सलाईन लावायचे ते डॉक्टरांच्या आदेशानेच.

बाळाची जननेंद्रिये संदिग्ध असतील, तर मुलगा की मुलगी हे घाईने सांगू नये. अशा बाळाला अधिवृक्क (मूत्रपिंडावरील ॲड्रिनल) ग्रंथीचा आनुवंशिक आजार असू शकतो व पहिल्या काही आठवड्यांतच शरीरातील मीठ घटून जीव धोक्यात येऊ शकतो. हा आजार असलेले मुलगे बहुधा नेहमीसारखेच दिसतात, म्हणून त्यांच्यासाठी टाचेची तपासणी अधिकच मोलाची आहे.

जी-६-पीडीची (तांबड्या पेशींना जपणाऱ्या एका विकराची) कमतरता असलेल्या बाळाच्या बाबतीत घरच्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगावी : ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांसोबत ठेवलेली जुनी अंगडी-टोपडी, दुपटी बाळाला वापरू नयेत. त्या गोळ्यांतील नॅफ्थॅलीनमुळे तांबड्या पेशी फुटून कावीळ झपाट्याने वाढू शकते.

घरची माहिती घेताना आई-वडील नात्यातले आहेत का, हे सहजपणे विचारावे. आते-मामे भावंडांचे लग्न आपल्याकडे अनेक समाजांत रूढ आहे. आधी एखादे बाळ पहिल्या आठवड्यांत दगावले होते का, हेही विचारावे. यातील बहुतेक आजारांत आई-वडील दोघेही वाहक असतात, म्हणजे सदोष जनुक बाळगूनही स्वतः आजारी नसतात, आणि प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. हे नवरा आणि सासूसमोर सांगावे, कारण दोष एकट्या सुनेच्या माथी मारला जाणे हा माझ्या मते दुसरा आजारच आहे.

बाळ अत्यवस्थ असेल, तर डीएनए तपासणीसाठी थोडे रक्त जपून ठेवण्याबाबत आई-वडिलांची संमती घेण्याची आठवण डॉक्टरांना करून द्यावी. नेमका जनुकदोष ठाऊक असेल, तर बहुधा पुढच्या गरोदरपणी अकराव्या आठवड्यानंतर वारेचा अंश तपासून निदान करता येते.