चाचणीत कोण येणार, हे प्रोटोकॉल लिहितानाच ठरते

अमेरिकेत मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी सुमारे एक-पंचमांश कृष्णवर्णीय आहेत. नव्या औषधांना मंजुरी मिळवून देणाऱ्या चाचण्यांत मात्र त्यांचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास राहत आला आहे. ही तफावत दिसली की आधी भरतीच्या पोस्टरवरचे चेहरे बदलले जातात. त्याने फारसे काही साधत नाही, कारण कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला दारातूनच परत पाठवायचे हे प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे चाचणीच्या लेखी आराखड्यात, आधीच लिहिलेले असते. पुण्या-मुंबईत बसून अमेरिकी चाचण्यांची कागदपत्रे आणि डेटा सांभाळणाऱ्यांनीही म्हणूनच तिथूनच सुरुवात करावी.

उद्दिष्ट ठरवताना देशाच्या लोकसंख्येतील प्रमाण न धरता त्या आजाराच्या रुग्णांमधील प्रमाण धरावे. मायलोमामध्ये या दोन आकड्यांत बराच फरक पडतो.

त्यानंतर समावेशाचे निकष एकेक करून तपासावेत. हे काम कंटाळवाणे आहे, पण सर्वाधिक फळ इथेच मिळते. न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी रक्ताच्या प्रति मायक्रोलिटर किमान १,५०० असाव्यात, ही अट अनेक प्रोटोकॉलमध्ये आढळते. आफ्रिकी वंशाच्या बऱ्याच निरोगी लोकांत डफी नावाच्या रक्तगटाशी निगडित आनुवंशिक कारणामुळे ही संख्या मुळातच कमी असते आणि त्यामुळे त्यांना संसर्गाचा धोका वाढत नाही. तरीही अशी व्यक्ती स्क्रीनिंगमध्येच, म्हणजे प्रवेशापूर्वीच्या तपासणीतच, बाद होते. मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनच्या मर्यादेचेही तेच, कारण मायलोमा स्वतःच मूत्रपिंडाला इजा करतो आणि कृष्णवर्णीयांत मूत्रपिंडाचे विकार आधीच जास्त आहेत. प्रत्येक मर्यादेसमोर एकच प्रश्न लिहावा: या औषधापासून नेमका कोणता अपाय टाळण्यासाठी ही अट आहे? उत्तर सापडले नाही, तर ती अट बहुधा मागच्या प्रोटोकॉलमधून जशीच्या तशी उचललेली असते, आणि ती शिथिल करण्याचा प्रस्ताव वैद्यकीय तज्ज्ञांपुढे ठेवावा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत अनावश्यक निकष टाळावेत, असेच सुचवले आहे.

साइट, म्हणजे चाचणी जिथे चालते ती केंद्रे, निवडताना केवळ मोठ्या विद्यापीठांची रुग्णालये घेऊ नयेत. रुग्ण जिथे नेहमी उपचार घेतात ती लहान रुग्णालये घ्यावीत, आणि त्यांना समन्वयकाचा पगार द्यावा. अन्यथा ती साइट कागदावरच राहते. प्रवास आणि निवासाचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा, आणि रक्ततपासणी घराजवळच्या लॅबमध्ये होऊ शकत असेल, तर त्यासाठी रुग्णाला शहरापर्यंत बोलावू नये.

विश्वासाचा प्रश्न मात्र पैशाने सुटत नाही. अमेरिकेतील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यानंतरही, उपचारांपासून वंचित ठेवून केवळ निरीक्षणाखाली ठेवले गेले, आणि हे त्या समाजात कोणी विसरलेले नाही. अशा ठिकाणी लोक ज्याला ओळखतात त्याच्या दारातून जावे लागते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लॉस एंजेलिसच्या उच्च रक्तदाबावरील अभ्यासात ५२ केशकर्तनालयांचे ३१९ कृष्णवर्णीय गिऱ्हाईक सहभागी झाले. एका गटात नाभिक केवळ सल्ला देत होते. दुसऱ्या गटात औषधतज्ज्ञ दुकानातच येऊन रक्तदाब मोजत आणि औषधे सुरू करत. सहा महिन्यांत या दुसऱ्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी २७ अंकांनी उतरला, तर पहिल्या गटाचा सुमारे ९ अंकांनी. सहभागी शोधत बसण्याऐवजी चाचणीच त्यांच्या खुर्चीपाशी नेली, हे यातले घेण्यासारखे.

संमतीपत्राचा स्पॅनिश अनुवाद पहिल्या दिवशीच तयार हवा. रुग्ण समोर बसल्यावर दुभाषा शोधण्याची वेळ येऊ नये. वंशाची नोंद रुग्णाच्या स्वतःच्या सांगण्यावरून घ्यावी, आणि ‘आशियाई’ या एका रकान्यावर थांबू नये. त्यात चिनी, फिलिपिनो आणि न्यू जर्सीतले मराठी कुटुंब एकत्र कोंबले जाते, जरी मधुमेह आणि हृदयविकाराच्या बाबतीत दक्षिण आशियाईंचा धोका वेगळा असला तरी. त्यासाठीच २०१० पासून ‘मसाला’ नावाचा स्वतंत्र अभ्यास चालू आहे.

शेवटी, स्क्रीनिंगमध्ये कोण कोणत्या कारणाने बाद झाले, याची गटवार नोंद दर आठवड्याला पाहावी आणि भरती चालू असतानाच दुरुस्ती करावी. मॉडर्नाने २०२० च्या सप्टेंबरमध्ये कोविड लशीच्या चाचणीची भरती मुद्दाम मंदावली, कारण कृष्णवर्णीय आणि लॅटिनो सहभागी कमी पडत होते; स्पर्धा ऐन भरात असतानाही ३०,००० जणांच्या त्या चाचणीला तेवढा उशीर परवडला.