साताऱ्या-सांगलीहून ब्रिटनमध्ये आलात? सिंकखालचा पितळी जोड आधी समजून घ्या

गावाकडे नळाचं काम म्हटलं की दोनच प्रकार डोळ्यांसमोर येतात. जीआय (जस्त लावलेला लोखंडी) पाइप असेल तर आटे पाडून सफेदा (सांध्याला लावायचा पांढरा लेप) आणि सूत किंवा टेफ्लॉनची पट्टी, आणि सीपीव्हीसी (प्लास्टिकचा पाइप) असेल तर चिकटवायचं सोल्युशन. ब्रिटनमधल्या भाड्याच्या घरात सिंकखालचं कपाट उघडलं की यातलं काहीच दिसत नाही. तांब्याची बारीक नळी, तिच्यावर पितळी नट, आणि आत न दिसणारी एक कडी. हा कॉम्प्रेशन जोड. ठिबकायला लागला की आपला हात सवयीने टेफ्लॉनकडे जातो आणि तिथेच पहिली चूक होते.

या जोडाचे भाग तीन: बॉडी, नट आणि ऑलिव्ह. ऑलिव्ह म्हणजे पितळेची किंवा तांब्याची छोटी कडी, दोन्ही कडांना उतार असलेली. नट फिरवला की ही कडी बॉडीच्या उतरत्या तोंडात दाबली जाते आणि त्याच वेळी आवळून नळीला चिकटते. पाणी अडतं ते या दोनच जागी: कडी आणि नळी, कडी आणि बॉडी. आटे फक्त ओढून धरतात, पाणी त्यांच्यापर्यंत यायलाच नको. म्हणून आट्यांवर टेफ्लॉनचे दहा वेढे दिले तरी गळती थांबत नाही. उलट नट जड फिरतो आणि किती आवळला याचा अंदाज हाताला येत नाही.

मापाचा घोटाळा वेगळाच. आपल्याकडे अर्धा इंच जीआय पाइपला १५ मिमी म्हणतात ते आतल्या पोकळीवरून. बाहेरून तो जवळजवळ २१ मिमी भरतो. इकडे १५ मिमी म्हणजे तांब्याच्या नळीचा बाहेरचा व्यास. अर्धा इंची सीपीव्हीसीही बाहेरून १५.९ मिमी असतो, त्यामुळे तो या जोडात बसत नाही. गावाहून सुटे भाग बॅगेत भरून आणू नका. घरात बहुतेक ठिकाणी १५ मिमी, बाथटबला आणि मुख्य लाइनला २२ मिमी मिळेल. फार जुन्या घरात पाऊण इंची तांबं असू शकतं. ते २२ च्या जोडात घालायचं तर त्याची ऑलिव्ह वेगळी मागावी लागते.

दाबही गावासारखा नाही. दोन मजली घराच्या गच्चीवरच्या टाकीतून तळमजल्याच्या नळाला सहा-सात मीटरचा दाब मिळतो, म्हणजे ०.६ ते ०.७ बार. इकडे स्वयंपाकघरातल्या नळाला पाणी थेट मेनमधून येतं, साधारण १ ते ३ बारने, कधी त्याहून जास्तही. आणि टाकी नसल्यामुळे ते आपोआप संपत नाही. रात्रभर ठिबकलं तर खालच्या फ्लॅटचं छत भिजतं. म्हणून घरात आल्याच्या पहिल्याच दिवशी मुख्य स्टॉपकॉक (घरात येणारं पाणी बंद करणारा व्हॉल्व्ह) शोधा, बहुधा सिंकखालीच असतो. फिरतोय का बघा. उजवीकडे बंद; उघडताना पूर्ण उघडून पाव फेरा मागे आणा, म्हणजे जाम होत नाही. नळाच्या अलीकडे छोटा आयसोलेशन व्हॉल्व्ह असेल तर त्याच्या स्क्रूची खाच बघा: खाच नळीच्या दिशेत असली की चालू, आडवी असली की बंद.

आता जोडणी. पाणी बंद करा, सर्वांत खालचा नळ उघडून लाइन रिकामी करा. नळी कटरने कापा; हेक्सॉने (लोखंड कापायच्या करवतीने) कापली तर काप तिरका जातो आणि नळी बॉडीत तळापर्यंत टेकत नाही. आतला-बाहेरचा बर (कापताना कडेला उठलेली धार) काढा, रंग किंवा काळपटपणा असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासा. नळीवर आधी नट, मग ऑलिव्ह. हा क्रम विसरला तर सगळं परत उघडावं लागतं. नळी तळाला टेकेपर्यंत आत ढकला, नट हाताने घट्ट करा आणि नटावर पेनाने रेघ मारा. मग दोन पाने घ्या: एक बॉडीवर धरायला, दुसरा नट फिरवायला. १५ मिमीला पाऊण ते एक फेरा, २२ ला साधारण पाऊण. बास. पाइप पाना अजिबात नको, नटाच्या कडा खातो.

‘अजून थोडं आवळू’ यानेच सगळ्यात जास्त जोड बिघडतात. जास्त दाबलेली ऑलिव्ह नळीला गळपट्ट्यासारखी आवळते, नळीला खाच पडते, कडी वाकडी होते, आणि मग कितीही आवळलं तरी पाणी येतंच. खानापूर-आटपाडीकडच्या गलाईवाल्यांच्या (सोनं-चांदी गाळणाऱ्यांच्या) घरातल्यांना मऊ-कडक धातूचा फरक सांगायला नको: तांब्याची ऑलिव्ह मऊ, कमी जोरात बसते, पितळेची कडक, तिला थोडा जास्त जोर लागतो.

पाणी हळूहळू सोडा. कोरडा टिश्यू पेपर नटाच्या दोन्ही कडांभोवती फिरवा, बोटाला न कळलेला थेंब कागदावर डाग म्हणून दिसतो. ओल दिसली तर पाव फेऱ्याच्याही निम्मं फिरवा, पुन्हा कागद लावा. तरीही येत असेल तर उघडाच. नट-बॉडी पुन्हा चालतात, पण ऑलिव्ह नवी घाला. जुनी कडी हेक्सॉने तिरकी, अर्धवट कापून स्क्रूड्रायव्हरने फाकवा. नळीवर करवतीचा ओरखडा उठला तर तेवढा तुकडा कापूनच टाकावा लागेल. नळीवर बारीक रेघा असतील तर ऑलिव्हवर टेफ्लॉनचे दोन-तीन वेढे देता येतात. टेफ्लॉनची खरी जागा इथे, आट्यांवर नाही. सफेदा पिण्याच्या पाण्याच्या लाइनला लावू नका.

नळी पांढऱ्या प्लास्टिकची असेल तर तिच्या तोंडात इन्सर्ट (आतून आधार देणारा छोटा नळीसारखा तुकडा) घालायचाच. नाहीतर दाबाने ती आत चेपते आणि गरम पाणी सुरू झालं की निसटते. वॉशिंग मशीनच्या नळीत मात्र ऑलिव्ह नसते, रबरी वायसर असतो. तिथे हाताने आवळलेलं पुरतं.

भाड्याचं घर असेल तर आधी मालकाला लेखी कळवा. इंग्लंडमध्ये १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याने पाण्याच्या जोडण्यांची दुरुस्ती मालकाकडे आहे; तुमच्या हातून नळी फुटली तर मात्र खर्च डिपॉझिटमधून जाऊ शकतो. आणि बॉयलरजवळ असाच दिसणारा नट गॅसच्या नळीवरही असतो. त्याला पाना लावायचा नाही, गॅस सेफ (गॅसचं काम करणाऱ्यांची अधिकृत यादी) नोंदणी असलेला माणूसच बोलवा.