कोलायटिस किंवा क्रोहन्स आहे? मग हृदयाबाबत या चुका टाळा

दिवसातून दहा वेळा संडासला पळावं लागतंय, शौचातून रक्त पडतंय, अशा वेळी छातीकडे कोण लक्ष देणार? पण अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोहन्स या आतड्याच्या जुनाट आजारांतली सूज आतड्यापुरती राहत नाही. टीएनएफ, आयएल-६ यांसारखी दाह वाढवणारी प्रथिनं रक्तातून अंगभर फिरतात, धमन्यांचं आतलं अस्तर खराब करतात आणि रक्त लवकर गोठू लागतं. त्यामुळे या रुग्णांत हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हार्ट फेल्युअरचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो. शिरांत गुठळी होण्याचा धोका तर दुप्पट-तिप्पट.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे ‘कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं’ म्हणून निर्धास्त होणं. आजार भडकलेला असताना कोलेस्टेरॉल उलट खाली येतं; सूज आणि कुपोषण, दोन्हींमुळे. म्हणजे रिपोर्ट छान दिसतो नेमका तेव्हाच, जेव्हा धमन्यांवर ताण जास्त असतो. पोट शांत असताना लिपिड प्रोफाइल पुन्हा करा आणि सोबत सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी), बीपी, साखरही बघा. वय कमी म्हणूनही गाफील राहू नका. समवयस्कांच्या तुलनेत धोक्यातली वाढ तरुणांत आणि बायकांत अधिक ठळक दिसते.

दुसरी चूक आपल्याकडे घरोघरी होते. त्रास वाढला की जुनी चिठ्ठी काढायची आणि मेडिकलमधून स्टिरॉइडची तीच पट्टी आणायची. दोन दिवसांत बरं वाटतं, म्हणून सवय लागते. पण स्टिरॉइडने बीपी, साखर, वजन सगळंच चढतं. वारंवार लागत असेल, तर मूळ औषधच बदलायची वेळ आली आहे असं समजा आणि पोटाच्या डॉक्टरांना गाठा. मात्र बरेच दिवस चालू असलेली गोळी एकदम बंद करू नका; ती पायरीपायरीनेच उतरवतात.

सांधे दुखतात म्हणून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन घेणंही तसंच. आतडं भडकू शकतं आणि हृदयावरचा धोकाही वाढतो. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल बरी. ॲस्पिरिनचं मात्र वेगळं आहे: स्टेंट बसवला असेल तर पोटाच्या भीतीने ती परस्पर थांबवू नका.

पोटाची फाइल एका डॉक्टरकडे, हृदयाची दुसऱ्याकडे आणि दोघांना एकमेकांच्या गोळ्यांचा पत्ता नाही, असं तर सर्रास चालतं. मेसालामाइन या कोलायटिसच्या नेहमीच्या औषधाने क्वचित हृदयाच्या स्नायूला किंवा आवरणाला सूज येते, बहुधा पहिल्या काही आठवड्यांत. नवीन गोळी सुरू झाल्यावर छातीत दुखलं, ताप आला, तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणू नका. हार्ट फेल्युअर असेल तर इन्फ्लिक्सिमॅब (टीएनएफ रोखणारं इंजेक्शन) सुरू करण्यापूर्वी ते सांगितलंच पाहिजे. कोलायटिस आणि संधिवात दोन्हींत देतात त्या टोफॅसिटिनिब या गोळीवर अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२१ मध्ये हृदयविकार आणि गुठळ्यांबाबत कडक इशारा दिला. तो संधिवाताच्या पन्नाशीपुढच्या, आधीच हृदयविकाराचा धोका असलेल्या रुग्णांच्या अभ्यासावरून आला होता. तरी वय आणि तंबाखूचं व्यसन लपवू नका.

तंबाखूवरून आठवलं. सिगारेट सोडल्यावर कोलायटिस उफाळतो असं काही जणांच्या बाबतीत घडतं खरं, पण म्हणून पुन्हा ओढायला लागणं हा शुद्ध वेडेपणा आहे. क्रोहन्स तर सिगारेटने आणखी बिघडतो. दात घासायची मिश्रीही तंबाखूच, हे घरातल्या बायकांना कुणी विचारतच नाही.

धडधड, दम लागणं याला प्रत्येक वेळी ‘टेन्शन’ हे उत्तर नसतं. रक्तस्रावाने हिमोग्लोबिन आणि जुलाबांनी पोटॅशियम उतरतं, आणि पोटॅशियम फार उतरलं तर ठोके अनियमित होतात. रक्ततपासणी आणि ईसीजी करून घ्या.

आजार भडकून ॲडमिट झाल्यावर नातेवाईक हमखास अडून बसतात: ‘आधीच रक्त पडतंय आणि वर रक्त पातळ करायचं इंजेक्शन?’ त्या दिवसांतच गुठळीचा धोका सर्वाधिक असतो, म्हणून हेपारिन देतात. रक्तस्राव फार मोठा असेल तर डॉक्टर स्वतःच थांबतात. घरी आल्यावरही एकच पोटरी सुजली, दुखू लागली, तर तेल लावून चोळत बसू नका, त्याच दिवशी डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) करून घ्या. आणि अचानक दम लागला किंवा छातीत कळ आली, तर ओपीडीची वाट न बघता थेट इमर्जन्सी गाठा.